एकविसांपैकी वीस

शास्त्रीय लेखाचं रसग्रहण करायची चाल आपल्याकडे नाही. त्यातून निष्कर्ष तेवढा उचलायचा, बातमीत घालायचा आणि लेख विसरून जायचा, हा रिवाज. ‘आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थ पचवतात’ एवढं वाक्य हाती आलं की आपलं काम झालं. पण काही लेख असे असतात की त्यांचा निष्कर्ष एका ओळीत मावतो आणि त्यांची गोडी मात्र त्या ओळीत उतरत नाही. प्रश्न कसा मांडला, पुरावा कोणत्या क्रमाने उलगडला, कुठे हात आखडता घेतला, हे पाहावं लागतं. ‘नेचर’ साप्ताहिकात २०१७ साली आलेला सहा पानांचा एक लेख या जातीचा आहे. पहिलं नाव डिडिए एन्डे यांचं, शेवटचं हॅरी गिल्बर्ट यांचं. मधे वीसेक नावं. कामाचा मुख्य भार इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने उचललेला. विषय असा की मोठ्या आतड्यातला एक जिवाणू वनस्पतींतली एक अतिशय गुंतागुंतीची शर्करा कशी फोडतो.

शर्करा म्हटल्यावर डोळ्यांपुढे साखर येते, तिचा इथे काही संबंध नाही. ही बहुशर्करा आहे, म्हणजे अनेक साध्या शर्करा एकमेकींना जोडून झालेली साखळी. तिचं नाव ऱ्हॅम्नोगॅलॅक्ट्युरोनन-दोन. जीभ अडखळते, म्हणून आपण तिला आरजी-दोन म्हणू. जॅमला घट्टपणा देणारं पेक्टिन सर्वांना ठाऊक आहे. आरजी-दोन हा त्याच पेक्टिनचा एक छोटा भाग. पीटर अल्बर्शाइम यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने १९७८ मध्ये सिकामोर झाडाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या भित्तीतून तो पहिल्यांदा वेगळा काढला. मधे गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाचा एक आखूड कणा आणि त्याला फुटलेल्या फांद्या. सगळ्या मिळून शर्करा तीसच्या आसपास. स्टार्चमध्ये हजारो शर्करा असतात, त्या मानाने हे काहीच नाही. पण स्टार्चमध्ये सगळे मणी ग्लुकोजचे आणि त्यांना जोडणारे बंध दोनच तऱ्हांचे. आरजी-दोनमध्ये १३ वेगवेगळ्या शर्करा आणि त्यांच्यामधले बंध २१ तऱ्हांचे. त्यांतल्या काही शर्करा, उदाहरणार्थ अ‍ॅसेरिक आम्ल, इतरत्र क्वचितच सापडतात.

वनस्पतीला एवढा खटाटोप कशासाठी लागतो? याचं उत्तर बोरॉनमध्ये आहे. आरजी-दोनच्या एका फांदीच्या मुळाशी अ‍ॅपिओज नावाची शर्करा असते. शेजारशेजारच्या दोन रेणूंमधली अ‍ॅपिओज बोरॉनच्या एका अणूने सांधली जाते आणि पेशीभित्तीला बांधणी मिळते. १९९६ मध्ये हा सांधा स्पष्ट झाला. २००१ मध्ये अ‍ॅरबिडॉप्सिस या प्रयोगातल्या लाडक्या रोपाच्या एका खुज्या वाणावर काम झालं. त्या रोपाला फ्युकोज ही शर्करा धड बनवता येत नव्हती, म्हणून आरजी-दोनमध्ये तिच्या जागी दुसरीच शर्करा बसली होती. फरक एवढाच, पण सांधा नीट जमेना आणि रोप खुजं राहिलं. वरून जास्त बोरॉन दिलं तेव्हा ते वाढू लागलं. द्राक्षबागेत फुलोऱ्याआधी बोरॉनची फवारणी करणारा नाशिककडचा बागायतदार आणि फ्लॉवरचा गड्डा आतून तपकिरी पडू नये म्हणून बोरॅक्स टाकणारा शेतकरी या रेणूचं नाव ऐकून असतील असं नाही, पण त्यांची गाठ याच सांध्याशी आहे.

एक गंमत आपल्या ताटातली. गवतकुळातल्या झाडांच्या पेशीभित्तीत आरजी-दोन अगदी नावापुरतं असतं, म्हणजे ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत जवळजवळ नाहीच. ते फळांत आणि भाज्यांत असतं. तेव्हा भाकरीतून ते येत नाही, सोबतच्या भाजीतून येतं. रेड वाइनमध्येही ते भरपूर असतं. द्राक्षाच्या भित्तीतून ते रसात उतरतं आणि यीस्टला ते फोडता येत नसल्यामुळे आंबवण झाल्यावरही जसंच्या तसं राहतं. यीस्टने हात टेकले, तसे आपणही टेकतो. मानवी जनुकसंचात अन्नातल्या शर्करा फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइमं, फार तर १७ आहेत. स्टार्च, साखर, दूध यांचा निकाल लागला की आपली शस्त्रं संपली. पेरूची साल, वांग्याची साल, कांद्याच्या पेशीभित्ती हा सगळा माल लहान आतडं ओलांडून तसाच पुढे जातो.

शर्करांमधला बंध तोडणं म्हणजे काय, याचा अंदाज एका आकड्याने येतो. सेल्युलोजमधल्यासारखा एक बंध पाण्यात, साध्या तापमानाला, कुणाच्याही मदतीशिवाय सोडला तर त्याचं अर्धआयुष्य सुमारे ४७ लाख वर्षं भरतं. रिचर्ड वुल्फेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे गणित मांडलं. चांगलं विकर तोच बंध सेकंदाच्या एका अंशात तोडतं. वेगात फरक एकावर १७ शून्यांपर्यंत जातो. हे करणारं यंत्र फार मोठं नसतं. बहुतेक विकरांच्या खाचेत दोन आम्लधर्मी अमिनो आम्लं समोरासमोर बसलेली असतात. एक बंधातल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, दुसरं शर्करेच्या कार्बनवर मागून हल्ला करतं किंवा पाण्याच्या रेणूला तो करायला लावतं. डॅनियल कॉशलंड यांनी १९५३ मध्ये सुचवलेल्या या दोन तऱ्हा आजही पाठ्यपुस्तकात तशाच आहेत. अवघड भाग पुढे आहे. खाच नेमकी त्याच शर्करेची हवी, त्याच बाजूने जोडलेली हवी, आणि बंध शर्करेच्या वलयाच्या वरच्या अंगाचा आहे की खालच्या, हेही जुळायला हवं. म्हणून एका बंधाचं विकर दुसऱ्या बंधाला सहसा उपयोगी पडत नाही. २१ तऱ्हांचे बंध म्हणजे जवळपास तितकीच वेगळी विकरं.

आता त्या जिवाणूकडे येऊ. बॅक्टेरॉइडीस थीटाआयोटाओमायक्रॉन हे त्याचं नाव. या क्षेत्रातली माणसं त्याला ‘बी-थीटा’ म्हणतात. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यातला हा नेहमीचा रहिवासी. २००३ मध्ये सेंट लुईसमधल्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा शर्करा फोडणाऱ्या विकरांची जनुकं शेकड्यांनी निघाली. पुढच्या मोजणीत केवळ जलविघटन करणारीच २५० हून अधिक भरली. आपली १७ आठवा. ती विखुरलेलीही नव्हती. एका जातीच्या शर्करेला लागणारी जनुकं जनुकसंचात एकत्र, गटाने बसलेली होती. असे गट या एका जिवाणूत ८८ मोजले गेले.

या गटांची पहिली ओळख अ‍ॅबिगेल सॅलियर्स यांनी करून दिली. इलिनॉय विद्यापीठात १९८० च्या दशकात त्यांनी पाहिलं की बी-थीटा आपली विकरं बाहेर सोडून देत नाही, तर स्टार्चला आधी स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतो. त्या काळात हे बारकाईचं निरीक्षण होतं आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं. पकडणारं प्रथिन आणि आत घेणारं प्रथिन अशी जोडी प्रत्येक गटात सापडते. २०१७ मध्येच न्यूकॅसलच्या दुसऱ्या एका गटाने दाखवलं की ही जोडी पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्यासारखी चालते. खाली पिंपासारखं प्रथिन, वर उघडमीट करणारं झाकण. शर्करा आली की झाकण मिटतं आणि ती आत. उपमा संशोधकांचीच आहे आणि चपखल आहे.

आता लेखाचा आरंभ पाहा. पहिल्याच परिच्छेदात एक प्रश्न टाकला आहे. एवढी गुंतागुंतीची शर्करा फोडायला जिवाणूंचा समुदाय लागतो, की एकटा जिवाणू पुरतो? सहज वाचलं तर हा प्रश्न औपचारिक वाटतो, पण सगळ्या लेखाची कळ त्यात आहे. त्या वेळी सर्वसाधारण कल अशी कल्पना करण्याकडे होता की इतकं अवघड काम वाटून होत असणार. एक जण फांदी उतरवणार, दुसरा कणा मोडणार, तिसरा उरलेलं गोळा करणार. आतड्यात शेकडो जाती असताना ही कल्पना अगदी स्वाभाविक होती. लेखकांनी ती खोडायचा आव आणला नाही. फक्त बी-थीटाला एकट्याला आरजी-दोनवर ठेवलं. तो वाढला. मग काम एवढंच उरलं की एकेक बंध कुणी तोडला, ते शोधायचं.

हे शोधण्याची रीत मला या लेखात सर्वांत देखणी वाटते. बी-थीटाच्या जनुकसंचात आरजी-दोनवर वाढताना जागे होणारे गट आधी हेरले. मग त्यांतलं एकेक जनुक काढून टाकलं आणि तो अपंग जिवाणू पुन्हा आरजी-दोनवर वाढवला. ज्या विकराचं जनुक गेलं, त्याच्या पायरीशी काम अडतं आणि पुढचा न फोडलेला तुकडा द्रवात साचून राहतो. त्या तुकड्याची रचना तपासली की गेलेल्या विकराचा बंध कोणता, ते कळतं. शिवाय तेच विकर शुद्ध करून त्या तुकड्यावर सोडलं की उत्तराची खातरी होते. अनुपस्थितीतून अर्थ काढायचा, एवढंच. रीत जुनीच, पण ती २१ बंधांवर नेटाने चालवणं हे चिकाटीचं काम आहे, आणि त्या चिकाटीची बढाई लेखात कुठेही नाही.

एका फांदीपाशी थोडं थांबू. तज्ज्ञ तिला ‘अ’ फांदी म्हणतात. कण्याला लागून अ‍ॅपिओज, बोरॉनच्या सांध्यातली तीच. तिच्यावर ऱ्हॅम्नोज. ऱ्हॅम्नोजला दोन अंगांनी गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाची दोन एककं लटकलेली, एक वरच्या बंधाने, एक खालच्या. वर फ्युकोज, आणि फ्युकोजच्या बगलेत मिथाइल गट चढवलेलं झायलोज. त्यापुढे ग्लुक्युरोनिक आम्ल, आणि अगदी टोकाला गॅलॅक्टोज. हे गॅलॅक्टोज दुधातलं नव्हे, तर त्याची आरशातली उलटी आकृती. इथे पहिलंच विकर चक्रावून टाकतं. सृष्टीत या उलट्या गॅलॅक्टोजची विरळाई, तरी बी-थीटाकडे ते सोडवणारं विकर तयार आहे. ते निघाल्याशिवाय ग्लुक्युरोनिक आम्लाचा बंध उघडा पडत नाही. ग्लुक्युरोनिक आम्लही निघालं की फ्युकोजची पाळी. इथे बी-थीटा एक तडजोड करतो. फ्युकोजच्या बगलेतलं मिथाइल-झायलोज तो सोडवत नाही. दोघांची जोडी तशीच्या तशी उचलून बाजूला ठेवतो. २१ तऱ्हांच्या बंधांपैकी त्याला न सुटलेला बंध तो हाच. बाकीच्या वीस तऱ्हा सुटल्या.

मला या एका शिल्लक बंधाचं कौतुक वाटतं, पण ते लेखकांच्या बाबतीत. सगळे बंध सुटले असं सांगायचा मोह मोठा असतो. ‘जवळजवळ सगळे’ म्हणून वेळ मारून नेता येते. त्यांनी सारांशातच स्वच्छ आकडा दिला आहे, एक वगळून सगळे. कामावरचा विश्वास असा आकड्यातून दिसतो.

पुढची गोष्ट क्रमाची. फांद्या दाट, कणा आखूड. फांद्या जागेवर असताना कणा मोडणाऱ्या विकराला आत शिरायला वाव मिळत नाही. उलट कण्याचा काही भाग मोकळा झाल्याशिवाय काही फांद्यांची मुळंही हाताला लागत नाहीत. तेव्हा आधी सगळ्या फांद्या, मग कणा, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. दोन्ही कामं एकमेकांकडे बघत पुढे सरकतात. लेखाचा हा भाग वाचायला जड आहे, आणि त्याला इलाजही नाही. ही गुंतागुंत रेणूतच आहे, ती वाक्यात आली नसती तर लेखकांनी काहीतरी लपवलं असतं.

मग येतो नव्या विकरांचा भाग. बेर्नार आंरिसा यांनी १९९१ मध्ये शर्करा फोडणाऱ्या विकरांची अमिनो आम्लांच्या क्रमावरून ३५ कुळांत वर्गवारी केली. त्यातूनच पुढे या विकरांची जगभर वापरली जाणारी सूची उभी राहिली. या एका लेखाने त्या सूचीत सात नवी कुळं घातली, १३७ ते १४३. म्हणजे तोपर्यंत कुणी न पाहिलेल्या जातीची विकरं एका जिवाणूतून, एका शर्करेच्या निमित्ताने. त्यांतलं एक प्रथिन तर दुहेरी निघालं. एका भागाने ते अरॅबिनोज सोडवतं आणि दुसऱ्या भागाने त्याच फांदीतली पुढची दुर्मीळ शर्करा. फांदी दोनच शर्करांची, आणि त्या दोघींसाठी एकाच प्रथिनात दोन यंत्रं. आणखी एका कुळातलं विकर अ‍ॅपिओज आणि कणा यांच्यामधला बंध तोडतं. वनस्पतीने बोरॉन ज्याच्यासाठी राखलं, त्याच्याच मुळाशी घाव.

माझ्या लेखी लेखाचा परमोच्च बिंदू मात्र यानंतर येतो, आणि लेखकांनी तो फारसा वाजवलेलाही नाही. आरजी-दोनची आकृती माणसांनी काही दशकं खपून काढली होती. त्यासाठी लागणारी रसायनविद्या कठोर असते. आम्लाने फोडायचं, मिथाइल गट चढवायचे, तुकडे तोलायचे. गुंता किती असतो, याचा अंदाज घ्या. २० अमिनो आम्लांतून सहा मण्यांची सरळ साखळी करायची तर ६ कोटी ४० लाख प्रकार होतात. सहा शर्करांच्या साखळीत, बंधांच्या जागा आणि दिशा मोजल्या तर हेच प्रकार एक लाख कोटींच्या वर जातात. चूक राहायला जागा पुष्कळ. आता विकराचा स्वभाव असा की वरच्या अंगाचा बंध तोडणारं विकर खालच्या अंगाच्या बंधाला हात लावत नाही. तेव्हा एखादं विकर आकृतीप्रमाणे चालायला नको अशा ठिकाणी चाललं, तर दोषी कोण? विकर खोटं बोलत नाही, तेव्हा आकृतीच तपासायला हवी. एन्डे-गिल्बर्ट मंडळींनी ती तपासली आणि आरजी-दोनची प्रचलित रचना दुरुस्त करायला सुचवली. जिवाणूला पिढ्यान्‌पिढ्या हा रेणू खायचा होता, त्यामुळे त्याचं वाचन आपल्यापेक्षा अचूक असणं स्वाभाविकच. ते प्रमाण मानणारा शास्त्रज्ञ मला मोठा वाटतो.

याच विषयातला दुसरा एक लेख कितीतरी जास्त गाजला. २०१० मध्ये, फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या रॉस्कॉफमधून. समुद्री जिवाणूतलं, लाल शेवाळातल्या पॉर्फिरन या शर्करेला फोडणारं विकर जपानी माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीस प्लेबियसमध्ये सापडलं, उत्तर अमेरिकनांच्या नमुन्यांत सापडलं नाही. सुशीतल्या नोरी या शेवाळावरून जनुक आतड्यात आलं, अशी गोष्ट त्यातून बनली, आणि ती सांगायला इतकी सोपी की जगभर फिरली. लेख उत्तम आहे, शंका नाही. पण कारागिरी मोजायची तर मी न्यूकॅसलचा लेख वर ठेवीन. नोरीच्या लेखात एका विकराचा प्रवास आहे. इथे विकरांची एक अख्खी फळी एका रेणूवर काम करते आणि तिच्यातली एकेक कडी पुराव्याने उभी केली आहे. फक्त ही गोष्ट चहा पिताना सांगता येत नाही, एवढंच तिचं दुर्दैव.

दोषही आहेत. वाक्यं जनुकांच्या सांकेतिक क्रमांकांनी खचाखच भरली आहेत. लेखातला बराचसा रस पुरवणी आकृत्यांमध्ये ढकलला गेला आहे, ‘नेचर’ची पानं मोजून मिळतात म्हणून. आणि शुद्ध केलेल्या आरजी-दोनवर एकट्या वाढलेल्या जिवाणूची ही कहाणी आहे. आतड्यात हजार शर्करा एकाच वेळी समोर असतात आणि शेजारी लुटायला टपलेले असतात, तिथे तो आरजी-दोनकडे केव्हा वळतो, हा प्रश्न या सहा पानांत सुटत नाही. लेखकांनी तो सोडवल्याचा दावाही केलेला नाही.

व्यवहारातलं एक बोलून टाकतो. पाकिटावर ‘फायबर’ अमुक इतके ग्रॅम असं लिहिलेलं असतं, तो आकडा हा लेख वाचल्यावर मला अपुरा वाटू लागला आहे. इसबगोलही फायबर आणि पेरूची सालही फायबर. पण इसबगोलमधली फांद्यांनी लगडलेली अरॅबिनोझायलन ही बहुशर्करा आतड्यातल्या जिवाणूंना फारशी फोडता येत नाही, म्हणूनच ती पाणी धरून शेवटपर्यंत टिकते आणि पोट साफ करते. पेरूतलं पेक्टिन मात्र जिवाणू फोडतात आणि त्यातून निघणारी लहान साखळीची आम्लं आतड्याच्या पेशींच्या कामी येतात. वजन सारखं, गत वेगळी. बंध कोणता, यावर सगळं ठरतं, आणि पाकिटावर बंधांची माहिती छापायची सोय नाही.

ज्यांना मूळ लेख वाचायचा आहे त्यांना एक सुचवतो. सारांश वाचून झाला की मजकुराकडे लगेच वळू नका. आरजी-दोनची आकृती कागदावर मोठी काढून घ्या, फांद्यांना अ, ब, क, ड नावं द्या, आणि लेखात एकेक विकर आलं की त्याचा बंध पेन्सिलीने खोडत जा. जनुकांचे क्रमांक पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. विज्ञान शाखेच्या पदवीच्या विद्यार्थ्याला हे दोन संध्याकाळींत जमतं, आणि जीवरसायनशास्त्राच्या वर्गात विकरं शिकवणाऱ्यांनी अमायलेज आणि स्टार्चच्या जोडीला हा लेख एकदा तरी फळ्यावर घ्यावा.